लाइट गेली तरी पंखा फिरायला हवा: ठाणे-नवी मुंबईत घरी सोलर आणि बॅटरी बसवताना

मे महिना, दुपारचा दीड. ऐरोलीच्या आमच्या रो-हाउसच्या गच्चीवर सहा पॅनल कडकडीत उन्हात तापत होते, आणि खाली घरात एकही पंखा फिरत नव्हता. लाइट गेली होती. आई हातपंखा हलवत म्हणाली, "अरे, वर दोन लाखांचं सोलर लावलंयस ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बसवून देणाऱ्याने तर छातीठोकपणे सांगितलं होतं, "साहेब, आता लाइटचं टेन्शन विसरा." त्या दिवसापासून सहा-सात महिने मी जे शिकलो, जिथे पैसे घालवले आणि जे आधी कुणी सांगायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहितो. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर नाही, तुमच्यासारखाच लाइटबिल भरणारा माणूस आहे.

१. आधी ठरवा: बिल कमी करायचंय की लाइट गेल्यावर घर चालवायचंय?

ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यासाठी लागणारं सामानही वेगळं.

बिल कमी करायला साधं ऑन-ग्रिड सोलर पुरतं. दिवसा पॅनलची वीज घरात वापरली जाते, उरलेली नेट मीटरमधून महावितरणच्या लाइनवर जाते. रात्री तुम्ही तिथून वीज घेता आणि महिनाअखेरीस दोन्हींची वजाबाकी होते. थोडक्यात, महावितरणची लाइन हीच तुमची बॅटरी, तीही फुकटातली. मात्र लाइन बंद पडली की या सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारी पेटी, स्वतःहून बंद होतो. तो बिघाड नसतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. आमच्या घरी मे महिन्यात झालं ते हेच.

लाइट गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. लाइन गेली की हा इन्व्हर्टर घराला लाइनपासून तोडतो आणि ठरवून दिलेली बटणं बॅटरीवर व पॅनलवर चालवतो.

आता महत्त्वाचा हिशेब. नेट मीटर असताना बॅटरीने बिल कमी होत नाही. एक युनिट लाइनवर टाकलं तर त्या आर्थिक वर्षात एक युनिट परत मिळतं. तेच बॅटरीत भरून काढलं तर चांगल्या लिथियम बॅटरीतही साधारण दहा टक्के वाटेत जातं, लेड-ॲसिडमध्ये वीस-तीस टक्के. त्यामुळे "बॅटरी घ्या, बिल शून्य करा" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या. आपल्याकडे बॅटरी घ्यायची ती अंधार टाळायला. म्हणून पहिले पैसे पॅनलवर घालायचे, बॅटरी गरजेपुरती.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा लाइनच्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम ठप्प झालं होतं, ते आठवत असेल. तसे दिवस विरळच. नेहमीची लाइट जाते ती पावसात केबलमध्ये पाणी शिरून, नाहीतर देखभालीच्या बंदमुळे: अर्धा तास, दोन तास, फार तर अर्धा दिवस. बॅटरी त्या मापाची घ्या.

२. लाइटबिल समोर घेऊन बसा

चार गोष्टी पाहा.

बारा अंकी ग्राहक क्रमांक: अर्ज त्यावरच होतो.

मंजूर भार, म्हणजे महावितरणने तुमच्या घराला मंजूर केलेले किलोवॅट: सोलर त्यापेक्षा मोठं असेल तर भार वाढतो. १० किलोवॅटपर्यंत वेगळी तांत्रिक तपासणी न करता अर्ज मान्य धरायचा आणि भारही त्यानुसार वाढवायचा, असं २०२४ मध्ये बदललेले केंद्राचे नियम सांगतात.

बारा महिन्यांचे युनिट: एका महिन्याचा आकडा फसवतो. आमची सरासरी ३२० निघाली, पण मे महिन्यात एसीमुळे ४५०.

आणि बिलावरचं नाव. इथे बरेच जण अडकतात, मीही अडकलो. आमचं मीटर घराच्या पहिल्या मालकाच्या नावावर होतं. घर घेऊन सतरा वर्षं झाली, बिल दर महिन्याला भरलं, नावाकडे कोण पाहतो? अनुदान मात्र बिलावर नाव असलेल्या माणसालाच मिळतं, आणि बँक खातं व आधारवरही तेच नाव लागतं. सिडकोच्या जुन्या घरांत आणि ठाण्यातल्या रिसेलच्या फ्लॅटमध्ये हे हमखास निघतं. कुठे बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर, कुठे बिल्डरच्या. सोलरवाल्याला फोन करायच्या आधी महावितरणकडे नावबदलाचा अर्ज टाका. इंडेक्स-टू (घरखरेदीच्या नोंदणीचा उतारा), मालमत्ता कराची पावती आणि आधार काढून ठेवा. माझा इंडेक्स-टू मलाच सापडत नव्हता, त्यात तीन आठवडे गेले.

मुंब्रा-कळवा-शीळ भागात असाल तर तिथला रोजचा कारभार फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे आहे. अर्जाआधी त्यांच्या कार्यालयात जाऊन या.

३. गच्ची: ऊन, सावली, कोबा

३ किलोवॅटला ५४० वॅटचे सहा पॅनल लागतात. एक पॅनल साधारण सव्वादोन मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडा कमी रुंद. चालायला जागा सोडून दोनशे-अडीचशे चौरस फूट धरा. तोंड दक्षिणेला. आपण १९ अंश अक्षांशावर आहोत, तेव्हा उतार पंधरा-वीस अंशांचा पुरे.

डिसेंबरमधल्या एखाद्या दिवशी सकाळी नऊ, बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन सावल्यांचे फोटो काढा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि उन्हाळ्यात कुठेच नसलेली पाण्याच्या टाकीची सावली नेमकी पॅनलवर येते. शेजारी टॉवर उठणार असेल तर त्याचाही अंदाज घ्या. घोडबंदरला राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

कोबा हा दुसरा सापळा. आपल्या गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गळती अडवणारा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर असतो. पॅनलच्या सांगाड्याचे, म्हणजे स्ट्रक्चरचे बोल्ट त्यात ड्रिल करून ठोकले की पहिल्याच पावसात बेडरूमचं छत ओलं. कोब्याला हात न लावता वर सिमेंटचे ठोकळे ओतून त्यावर पाय उभे करायला सांगा, आणि ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.

लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं हवं, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. खाडीच्या वाऱ्यात साधा रंग दोन पावसाळे टिकत नाही. पॅनलखाली कबुतरं घरटी करतात, म्हणून कडेने जाळी लगेच लावून घ्या. नंतर लावायला गेलात तर आधी अंडी हलवण्यावरून घरात भांडण होतं.

वीज किती मिळते? माझ्या वहीप्रमाणे एप्रिलमध्ये ४०५ युनिट, जुलैमध्ये १८०. ढगाळ आठवड्यात दिवसाला तीन युनिटसुद्धा पाहिलेत. "रोज बारा युनिट, बाराही महिने" असं कुणी म्हणालं तर त्याने इथला पाऊस पाहिलेला नाही.

इथे ३१ मार्चची गंमत समजून घ्या. जमा युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण फक्त आर्थिक वर्षाच्या आत. एप्रिल-मेचे जास्तीचे युनिट पावसाळ्यात उपयोगी पडतात. जानेवारी ते मार्चमध्ये मात्र ऊन चांगलं, एसी बंद, आणि त्या दिवसांत साठलेलं ३१ मार्चला राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या कमी दरात विकलं जातं. म्हणून सोलर वर्षाच्या एकूण वापराइतकं किंवा त्याहून थोडं कमीच लावा. शिवाय बिल शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो.

४. बॅटरीचं माप

कागद-पेन घ्या आणि लाइट गेल्यावर नक्की काय चालू हवं ते लिहा. आमची यादी अशी:

तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, ३० वॅटचे: ९०
चार एलईडी दिवे: ४०
वायफाय राउटर: १०
फ्रिज, चालू-बंद धरून सरासरी: ८०
एकूण: २२० वॅट

जुने पंखे ७५ वॅटचे असतात. तिन्ही बदलल्यावर १३५ वॅट वाचले, म्हणजे बॅटरीवरचा मोठा भार गेला. बॅटरी घ्यायच्या आधी पंखे बदला, मी उलट केलं.

आता बॅटरी. लिथियममध्ये घरासाठी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट मागा. इतर लिथियम प्रकारांच्या तुलनेत ती तापून पेट घेण्याचा धोका कमी आणि आयुष्य जास्त. बाजारात सर्रास मिळणारं माप ५१.२ व्होल्ट, १०० ॲम्पियर-तास. गुणाकार केला की ५,१२० वॅट-तास, म्हणजे ५.१२ युनिट. त्यातले ८० टक्के वापरायचे, म्हणजे ४.१. इन्व्हर्टरमधली गळती वजा केली की हातात साधारण ३.७ युनिट. ३,७०० भागिले २२०, सोळा-सतरा तास. आपल्या भागासाठी भरपूर.

त्याच बॅटरीवर दीड टनाचा एसी लावला तर दोन-अडीच तासांत खेळ खल्लास. गिझर, इस्त्री, मायक्रोवेव्ह, पाण्याची मोटर या यादीत घालू नका. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो.

घरात जुनी १५० ॲम्पियर-तासांची ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरी असेल तर तिचाही हिशेब करा: १२ गुणिले १५० म्हणजे १.८ युनिट, त्यातले निम्मेच काढावेत, नाहीतर आयुष्य घटतं. म्हणजे पाऊण-एक युनिट. दोन पंखे आणि दिवे यासाठी ती अजूनही वाईट नाही. बजेट कमी असेल तर तिच्यावरच भागवा, फक्त पाणी भरत राहा आणि बंद कपाटात कोंडू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

जागा: झोपायची खोली नको, देवघराखालचं कपाट नको, गच्चीवरची पत्र्याची शेड तर मुळीच नको. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. तळमजल्यावर बसवणार असाल तर तुमच्या गल्लीत २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या जुन्या माणसाला विचारा आणि त्याच्या वर बसवा. खाडीत भराव घालून वसलेल्या गावात हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. आमची बॅटरी पहिल्या मजल्याच्या जिन्यासमोरच्या भिंतीवर आहे, खिडकीशेजारी, पण वाट अडणार नाही अशी.

५. कोटेशन: सगळं एका ओळीत लिहिलेलं घेऊ नका

तीन तरी घ्या. पॅनल, इन्व्हर्टर, बॅटरी, स्ट्रक्चर, केबल, अर्थिंग, नेट मीटरचा खर्च, सगळं वेगळं लिहून. सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावर जीएसटी ५ टक्के आहे आणि बॅटरीवर १८, त्यामुळे सगळं एकत्र दाखवलं की कशावर किती कर लावलाय ते कळत नाही.

विचारायचे प्रश्न:

पॅनल डीसीआर आहेत का? म्हणजे पॅनल आणि आतले सेल दोन्ही भारतात बनलेले. नसतील तर अनुदान नाही. स्वस्त कोटेशनचं रहस्य बहुतेक इथेच असतं.

इन्व्हर्टर ऑन-ग्रिड की हायब्रिड? बॅटरी दोन वर्षांनी घ्यायची असली तरी शक्य असेल तर हायब्रिड आत्ताच लावा. मी आधी ऑन-ग्रिड लावला आणि वर्षाच्या आत बदलला. जुना वीस हजारांत गेला, त्याहून दुप्पट पैसे त्यासाठी मोजले होते.

बॅटरी या इन्व्हर्टरशी "बोलते" का? दोघांमध्ये डेटा केबल असते. कंपन्या जुळत नसतील तर टक्केवारी चुकीची दिसते आणि बॅटरी अचानक बंद पडते.

वॉरंटी वर्षांची की सायकलची? सायकल म्हणजे बॅटरी एकदा भरून रिकामी होणं. "१० वर्षं किंवा ६,००० सायकल, जे आधी होईल ते" ही ओळ बारीक अक्षरात असते. दुरुस्तीला माणूस कुठून येणार, हेही विचारा.

अर्थिंग किती? तीन वेगळी हवीत: वीजरोधकाचं (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचं), डीसीचं (पॅनलच्या बाजूचं) आणि एसीचं (घरच्या विजेच्या बाजूचं, एअर कंडिशनरचं नव्हे). एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडणारे महाभाग मी पाहिलेत.

६. अर्ज आणि अनुदान

पीएम सूर्यघर ही केंद्राची योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. ३ किलोवॅटला ७८ हजार, आणि त्यापुढे कितीही लावलं तरी ७८ हजारच. बॅटरीवर एक रुपयाही नाही. "बॅटरीसकट अनुदान काढून देतो" असं ऐकलं की सावध व्हा.

हाताशी ठेवा: ताजं लाइटबिल, आधार, पॅन, रद्द केलेला चेक, मालमत्ता कराची पावती, गच्चीचा फोटो, आणि सोसायटी असेल तर ना-हरकत पत्र.

क्रम असा: राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक आणि मोबाइल टाकून नोंदणी, अर्ज, मंजुरी, यादीतल्या नोंदणीकृत व्हेंडरची निवड, बसवणं, पॅनलचे सिरियल नंबर व पॅनलसोबत तुमचा फोटो अपलोड, महावितरणची तपासणी, नेट मीटर, आणि शेवटी बँक तपशील. अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं.

मोबाइल नंबर स्वतःचा द्या. ओळखीच्या एकाने व्हेंडरचा दिला, त्याला एकही ओटीपी किंवा संदेश आला नाही आणि अर्ज कुठे अडकलाय ते महिनाभर कळलं नाही. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. शेवटचा हप्ता नेट मीटर लागल्यावरच. कर्ज हवं असेल तर ३ किलोवॅटपर्यंत दोन लाखांचं विनातारण कर्ज सरकारी बँका या योजनेत देतात.

इन्व्हर्टर नंतर बदललात तर महावितरणला कळवल्याशिवाय जोडू नका.

७. वायरिंग: इथे एक पूर्ण दिवस द्या

हायब्रिड इन्व्हर्टरला बॅकअपचं वेगळं टर्मिनल असतं. तिथून वेगळा छोटा डीबी (वीजवाटपाचा बोर्ड) काढून त्यावर फक्त यादीतल्या गोष्टी घ्यायच्या. ऐकायला सोपं आहे. पण जुन्या घरांत न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सगळ्या खोल्यांचा एकत्र असतो. बॅकअपच्या फेजला मेनचा न्यूट्रल मिळाला की आरसीसीबी, म्हणजे गळती दिसताच वीज तोडणारा स्विच, खटाखट पडतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी संध्याकाळी हॉलचा दिवा लावला की फ्रिज बंद व्हायचा. वायरमन दुसऱ्या दिवशी परत आला, सगळे स्विचबोर्ड उघडले, टेस्टर तोंडात धरून एकेक न्यूट्रल सुटा केला आणि त्यावर निळी टेप गुंडाळली. त्याच्या त्या दिवसाच्या मजुरीत घासाघीस करू नका.

मग प्रश्न आला की बॅकअपची बटणं घरात कुणाला कळणार? मी लेबल छापायच्या विचारात होतो. आईने आपल्या टिकलीच्या पाकिटातून लाल टिकल्या काढल्या आणि बॅकअपच्या प्रत्येक बटणावर एकेक चिकटवली. आता लाइट गेली की पाहुण्यांनाही एवढंच सांगतो: टिकली असेल तेच बटण दाबा.

वायरमन जायच्या आधी मेन स्विच बंद करून तासभर घर चालवून पाहा. त्याच्यासमोर.

८. सेटिंग, जे कुणीच सांगत नाही

बसवून झालं, ॲपवर हिरवे बाण फिरायला लागले, मी खूश. जुलैत रात्री दोनला लाइट गेली आणि पंधरा मिनिटांत सगळं बंद. बॅटरी रिकामी होती. बसवणाऱ्याने ती "सेल्फ-यूज" मोडवर ठेवली होती, म्हणजे संध्याकाळी सातपासून घर रोज बॅटरीवर चालायचं आणि अकरापर्यंत ती तळाला जायची. सायकल फुकट, बिलात फायदा नाही, आणि गरजेला काहीच उरत नाही.

नेट मीटर असेल तर बॅटरी "बॅकअप" मोडवर ठेवा, किंवा राखीव पातळी ८० टक्के करा. जून ते सप्टेंबर लाइनवरून चार्जिंग चालू ठेवा, कारण पावसात पॅनलवर ती भरेलच असं नाही. टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावणारा) लागला असेल तर हे चार्जिंग सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्येच होऊ द्या, घरगुती ग्राहकांना दिवसाच्या याच तासांत सवलत ठेवलेली आहे. ॲपचा पासवर्ड व्हेंडरकडून स्वतःकडे घ्या.

पॅनल पंधरा दिवसांनी सकाळी लवकर साध्या पाण्याने धुवा. तुर्भे-महापेच्या बाजूला धूळ जास्त, तिथे आठवड्याने. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

९. फ्लॅटमध्ये राहत असाल तर

गच्ची सगळ्यांची, त्यामुळे एकट्यासाठी पॅनल लावायला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते आणि ती मिळणं अवघड. फक्त अंधार टाळायचा असेल तर पॅनलच्या नादी लागू नका. लाइनवर चार्ज होणारा इन्व्हर्टर आणि छोटी लिथियम बॅटरी घरात बसते, वर सांगितलेला वॅटचा हिशेब तसाच लागू होतो. बॅटरी मीटर रूममध्ये किंवा जिन्यात ठेवू नका, आगीच्या वेळी तोच बाहेर पडायचा रस्ता असतो.

सोलर करायचंच तर सोसायटीच्या कॉमन मीटरवर करा: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे. कॉमन मीटरचं बिल मोठं असतं, त्यामुळे सभासदांना फायदा पटवायला वेळ लागत नाही. लिफ्टसाठी बॅटरी घ्यायच्या फंदात पडू नका, तिथे जनरेटरच बरा.

ठरावात मात्र एक ओळ विसरू नका: पॅनल बसवल्यावर गच्ची गळली तर दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, आणि त्यासाठी पॅनल काढून पुन्हा लावायचे पैसे कोण देणार. वरच्या मजल्यावरचे सभासद हाच प्रश्न विचारणार आहेत.